डोहाने विणलेला खोपा

एका जंगलात, नदी वळता वळता जिथे काळीभोर होऊन थांबते, त्या डोहाकाठच्या बाभळीवर एक सुगरण राहत असे. राहत असे म्हणजे बसत असे. राहायला तिला घर नव्हते. गेल्या वर्षी होते. पण भाद्रपदातल्या एका दुपारी पश्चिमेकडून वारा सुटला, खोपा फांदीला बांधलेल्या मानेपासून निसटला आणि आतल्या अंड्यांसकट डोहात गेला. पाण्यावर एक वर्तुळ उमटले, मोठे होत होत काठाला लागले आणि मिटले. खोपा विणणारा तिचा जोडीदार "चूक माझीच," एवढेच म्हणून जो उडाला, तो पुन्हा कोणाला दिसला नाही. सुगरण मात्र तिथेच राहिली. फक्त त्या दिवसापासून ती पाण्याकडे पाठ करून बसू लागली.

मुलांनो, या पक्ष्यांत खोपा विणतो तो नर आणि तो पसंत करते ती मादी. नाव मात्र दोघांनाही सुगरण असेच पडले आहे. विणण्याचे काम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा प्रकार केवळ पक्ष्यांतच असतो असे नाही, तेव्हा त्याचे फार नवल करू नका. आपला गोंधळ नको म्हणून या गोष्टीत मादीला सुगरण म्हणू आणि नराला विणकर.

दर श्रावणात, गवत कमरेइतके वाढले की डोहाच्या काठी कारागिरांचा बाजार भरे. शिंपी पक्षी येई आणि उंबराचे एक रुंद पान कोळ्याच्या धाग्याने शिवायला घेई. कुंभारीण माशी ओल्या मातीचे गाडगे घेऊन येई. ते इतके लहान असे की त्यात पावसाचा एक थेंब मावला असता आणि दुसरा सांडला असता. कोळीण दोन काटक्यांमध्ये जाळे ताणून बसे आणि उन्हाची तिरीप आली की सगळा बाजार हातातले काम सोडून तिकडे पाही. वरच्या फांद्यांवरून विणकरांचे हिरवे खोपे लोंबत. चोचीवाचून दुसरे हत्यार नाही, गवताच्या पात्यावाचून दुसरा माल नाही, आणि तरी ते असे काही विणत की खालून जाणारे हत्तीसुद्धा सोंड आवरून चालत.

या बाजाराचा एक जुना नियम होता. पुरी झालेली वस्तू कोणी आणायची नाही. शिंपी पानाची एकच बाजू शिवून आणी. कुंभारीण गाडग्याचा गळा बाकी ठेवी. विणकर वरची मान, टोपीसारखे छत आणि खाली एक आडवी दांडी एवढेच फांदीवर विणून ठेवी. सुगरण त्या दांडीवर येऊन बसे, चोचीने इथे तिथे ओढून पाही आणि विचारी, "हे असं का केलंस?" विणकराने उत्तर द्यायचे. उत्तर पटले तर उरलेला खोपा तिच्यादेखत, ती सांगेल तसा पुरा व्हायचा. नाही पटले तर विणकराने मुकाट्याने देठ कुरतडायचा आणि अर्धा खोपा खाली डोहात सोडून द्यायचा. पिढ्यान्‌पिढ्या असे किती खोपे त्या डोहात गेले असतील, याची मोजदाद नाही. डोह सगळे गिळी आणि गप्प राही. गप्प बसणाऱ्याला काही कळत नसावे असा जंगलातही समज आहे.

बाजाराची पंच होती म्हातारी टिटवी. टिटवी स्वतः घरटे बांधत नाही. उघड्या खडीवर चार दगड बाजूला सारते आणि अंडी घालते. ज्याला खोप्यातले काहीच येत नाही तोच निःपक्षपाती, असा विचार करून सर्वांनी तिला नेमले होते. शिवाय आभाळ पडले तर सावरता यावे म्हणून ती पाय वर करून झोपते अशी तिची ख्याती होती. इतकी जबाबदारीची जाणीव असलेले दुसरे कोणी मिळालेही नसते.

आता कोल्ह्याविषयी. बाजारात कोल्ह्याला नेहमी काठावरच उभे राहावे लागे. त्याला स्वतःला काही बनवता येत नसे आणि अंड्यांविषयी त्याला लहानपणापासून जी आस्था होती ती सर्वांना ठाऊक होती. आपल्यालाही एकदा "या कारागीर, बसा" असे कोणी म्हणावे, एवढीच त्याची इच्छा होती. एके दिवशी डोहावर पाणी पिताना त्याच्या तोंडातली गवताची काडी पाण्यात पडली. वर लोंबणाऱ्या खोप्यांकडे पाहून तो सहज म्हणाला, "असा एखादा आपल्याला जमला असता तर!"

डोहाच्या तळातून बुडबुडे आले. पाणी गोल फिरले, आणि मधोमध एक खोपा वर आला. पुरा. ओला, चकाकणारा, कुठे एक पाते बाहेर नाही.

कोल्हा बराच वेळ शेपूट हलवायची विसरला. मग त्याने आणखी एक काडी टाकली.

बाजाराच्या दिवशी सकाळी सगळे कारागीर आले ते काठावरच थबकले. बाभळीच्या खालच्या फांदीवर कोल्ह्याने तो खोपा टांगला होता. त्याची मान हंसाच्या मानेसारखी होती. पोट असे गोल की नदीतला गोटाही लाजावा. पाती एकात एक अशी गुंफलेली की नजर एका पात्यावरून निघाली तर कुठे न अडखळता पुन्हा त्याच पात्यावर येई. वारा आला की तो हलत नसे, डोलत असे. शिंप्याच्या चोचीतला धागा गळून पडला. कोळीण आपले जाळे अर्धे टाकून खाली उतरली. एक म्हातारा विणकर जवळ गेला, त्याने मान वाकडी करून पाहिले, आणि आपल्या फांदीवर परत जाऊन अर्धा खोपा पंखाआड घेतला.

"कोल्होबा, हे तुम्ही केलंत?" शिंप्याने विचारले.

"करवून घेतलं," कोल्हा विनयाने म्हणाला. "डोहाला नुसतं सांगायचं. गवताची एक काडी आणि दोन शब्द. दिवसभर उन्हात खटपट नको, की चोच सोलून घ्यायला नको. ज्याला जसा हवा तसा."

"वा! याला म्हणतात घर!" कावळा वरून ओरडला. कावळ्याच्या घरट्यात कोकिळा दर वर्षी त्याला फसवून अंडी घालून जाते; पण घरांच्या बाबतीत आपल्याला फार कळते असे त्याचे मत होते आणि ते तो कोणाला न विचारता देत असे. "बाकीच्यांनी आता गाशा गुंडाळा! काय ती तुमची अर्धीमुर्धी टोपडी!"

सुगरण हे सगळे फांदीवरून पाहत होती. तिचे दिवस भरत आले होते. आज घर ठरले नाही तर अंडी उघड्यावर घालावी लागणार, हे तिला पक्के ठाऊक होते. आणि समोर तसेच घर लोंबत होते, जसे तिने गेल्या वर्षभर डोळे मिटून पाहिले होते. ती उडत खाली आली.

"आजी, मला हाच हवा," ती टिटवीला म्हणाली.

टिटवीने एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेतला. "हा पुरा आहे. बाजारात पुरा माल चालत नाही. कोल्होबा, अर्धा आणा."

"आजीबाई, डोह अर्धा देत नाही," कोल्हा म्हणाला. "मागून पाहिला. अर्धा मागितला तरी पुराच येतो. आणि पुरा मिळत असताना अर्धा कशाला? हा कुठला नियम? पोटुशी पोर दारात उभी आहे आणि तुम्ही तिला नियम सांगताय!"

"नियम कोणी केला ते मलाही ठाऊक नाही," टिटवी म्हणाली. "मी आले तेव्हा होता."

"मग बाजूला ठेवा ना आजी," सुगरण काकुळतीला येऊन म्हणाली. "तुम्हाला उघड्यावर अंडी घालायची सवय आहे. मला नाही. माझं एकदा गेलंय सगळं. मला आता थांबायला सांगू नका."

सगळ्यांना तो वारा आठवत होता. टिटवीने त्या खोप्याकडे पाहिले.

"सुंदर आहे," ती शेवटी म्हणाली. "माझ्या उभ्या जन्मात मी इतकं सुंदर पाहिलं नाही. खोटं कशाला बोलू? बरं, पुरा तर पुरा. पण ओढून पाहायचं आणि विचारायचं, एवढं तरी राहू दे. ते केलंस की घर तुझं."

सुगरण आत गेली. आतला उजेड हिरवा होता, गवताच्या गाभ्यात असतो तसा. कुठे टोक टोचत नव्हते. अंड्यांची जागा तर अशी मऊ होती की तिने क्षणभर डोळे मिटले आणि ती तशीच बसून राहिली. हे आपले. आता फक्त ओढून पाहायचे, रीत म्हणून. तिने तळाला चोच लावली. पक्का होता. छताला लावली. पक्के होते. मग ती बाहेर येऊन वर मानेपाशी बसली.

तिथे एक पाते फांदीवर चढता चढता मध्येच उजवीकडे वळले होते, कशाला तरी चुकवून पुढे गेले होते आणि मग खाली आले होते. चुकवण्याच्या नादात त्याचा फांदीला पुरता वेढा बसला नव्हता, नुसता अर्धा. वळण मोठे नाजूक होते. खालून पाहणाऱ्याला ती नक्षीच वाटली असती.

सुगरण त्या वळणाकडे पाहत राहिली. तिच्या अंगावरचे पीस न् पीस उभे राहिले.

"कोल्होबा," ती वरून खाली वाकून म्हणाली, "हे पातं इथे वळसा घालून का गेलंय?"

"का म्हणजे?" कोल्हा हसला. "शोभा आहे ती. डोहाची कलाकुसर."

"इथे काय होतं, ज्याला वळसा घातला?"

"काही नाही. फांदी गुळगुळीत आहे, मी स्वतः निवडली. आवडत नसेल तर दुसरा देतो, त्यात काय!" त्याने डोहात काडी टाकली आणि काही पुटपुटला. बुडबुडे आले. दुसरा खोपा वर आला, पहिल्याहून देखणा. सुगरणीने त्याची मान पाहिली. पाते उजवीकडे वळले होते. कोल्ह्याने तिसरी काडी टाकली, मग मूठभर काड्या. डोह घुसळू लागला. खोप्यांवर खोपे वर येऊ लागले, सोनेरी, हिरवे, लांब नळीचे, दोन नळ्यांचे, एकाला तर नळ्याच नळ्या होत्या आणि आत शिरायला जागाच नव्हती. पाणी दिसेनासे झाले. बाजारातले सगळे मागे सरकले. कावळासुद्धा गप्प बसला, यावरून काय ते समजा.

सुगरण एकेका खोप्यावर उतरत होती आणि मान पाहत होती. कुठे वळण आडवे होते, कुठे उभे. पण प्रत्येक मानेवर पाते त्याच नाजूक रीतीने काहीतरी चुकवून गेले होते.

ती परत आली तेव्हा तिचा आवाज अगदी हळू होता. "आजी, माझ्या घराच्या फांदीला काटा होता. तो मध्ये आला म्हणून माझ्या जोडीदाराला पुरता वेढा देता आला नाही. त्याने पातं काट्याला वळसा घालून नेलं. असंच. घर सुटलं ते इथूनच सुटलं. इथे तर काटा नाही, आजी. मग हे कोणाला चुकवतंय?"

टिटवीने फांदीकडे पाहिले. सगळ्या बाजाराने पाहिले. फांदी साफ होती, आणि गवताचे पाते नसलेल्या काट्याला मोठ्या अदबीने वळसा घालून गेले होते.

"आजी," सुगरणीने विचारले, "या डोहात आपण कोणते खोपे टाकतो?"

"नापसंत झालेले."

"आणि?"

"आणि वाऱ्याने पडतात ते."

"आणि जे टिकतात ते?"

"ते कशाला टाकू? ते झाडावर—" टिटवी बोलता बोलता थांबली.

त्या काळ्या पाण्याने किती पिढ्यांचे खोपे पाहिले होते! त्यातल्या प्रत्येक गाठीची त्याला आठवण होती, प्रत्येक वळण त्याला पाठ होते. एवढी आठवण जंगलात दुसऱ्या कोणाला नव्हती. पण जो टिकला असा एकही खोपा त्याने कधी पाहिला नव्हता.

"आता मला कळलं," टिटवी सावकाश म्हणाली, "अर्धा आणायचा नियम कशासाठी असेल ते. पुऱ्या वस्तूला लोक 'वा' म्हणतात. अर्धीला 'का' म्हणतात. कोल्होबा, तुमचा डोह थोर आहे. मला त्याची भीती वाटते इतका थोर आहे. पण त्याला 'का' विचारलं की तो आणखी एक खोपा देतो. या काठावर त्याचा माल लागणार नाही."

"पण दिसायला—" कोल्हा म्हणाला.

"दिसायला उत्तम. हवं तर जंगलभर टांगा. इथे नको."

कोल्हा खोपे गोळा करून निघून गेला. टांगायला त्याला जागेची वाण पडली नाही. दोन दिवसांत जंगलातल्या कितीतरी झाडांना ते खोपे लागले. कावळ्याने तर एक आपल्या घरट्याच्या शेजारी नुसता शोभेला लावला.

पंखाआड खोपा लपवून बसलेला म्हातारा विणकर अजून तिथेच होता. सुगरण त्याच्यासमोर जाऊन बसली. "दाखवा की काका."

"कसला दाखवू, बाई," तो ओशाळून म्हणाला. "ते सगळं पाहिल्यावर हे काय पाहायचं." पण त्याने पंख बाजूला केला. खोपा ओबडधोबड होता. पाती बाहेर आली होती आणि आतल्या अंगाला चिखलाचे गोळे थापले होते.

ती दांडीवर बसली. "हा चिखल कशाला?"

"हलका खोपा वाऱ्यात गिरक्या घेतो. वजन हवं."

तिने मान ओढून पाहिली. ओढली, आणखी जोराने ओढली. पाते फांदीला वेढा देऊन, पुन्हा वेढा देऊन बसले होते. "आणि इथे काटा नव्हता?"

"होता तर!" विणकर म्हणाला. "तुझं घर सुटलं ना, तेव्हा मी समोरच्या फांदीवर होतो. धावून येईपर्यंत गेलंच ते. पण कुठून सुटलं ते पाहिलं होतं. म्हणून यंदा काटा आधी मोडला आणि मग पहिलं पातं लावलं. चोच अजून दुखते मेली."

सुगरणीने त्या मानेवर आपली मान टेकली आणि ती तशीच राहिली.

"मग?" विणकराने चाचरत विचारले. "देठ कुरतडू का?"

"कुरतडता काय, विणा!" सुगरण म्हणाली.

विणकराचा चेहरा असा झाला की शिंप्याला हसू आवरेना. "आत शिरायची नळी कोणत्या अंगाला सोडू?"

तिने विचार केला. वारा येतो पश्चिमेकडून. मागे पूर्वेला डोह. "डोहाच्या अंगाला," ती म्हणाली.

मग सगळा बाजार पाहत बसला. विणकर गवतावर जाई, पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडी आणि उडता उडता कडेची लांब पट्टी सोलून काढी. एक टोक पायाखाली, दुसरे चोचीत. आत, बाहेर, वळून आत. मध्येच थांबून विचारी, "इथे घट्ट करू की सैल?" ती सांगे. तो उसवी, पुन्हा विणी. कुठे चुकले तर दोघे भांडत, आणि भांडण मिटले की तिथला विणीचा भाग बाकीच्यापेक्षा घट्ट होई. रिकाम्या हवेला भिंत येत होती, भिंतीला पोट येत होते. डोहातून खोपा वर आला तेव्हा सगळ्यांचे डोळे दिपले होते. हे पाहताना मात्र कोणाला डोळे मिटवेनात. जणू पापणी लवली तर काहीतरी चुकेल. संध्याकाळी शेवटचे पाते ओढून विणकर बाजूला झाला तेव्हा टाळी वाजवायचेही कोणाला सुचले नाही. टिटवीने फक्त आभाळाकडे पाहिले आणि ते जागेवर आहे याची खात्री करून घेतली.

भाद्रपद आला. एका दुपारी पश्चिमेकडून वारा सुटला. बाभळी वाकल्या, नदीवर पांढऱ्या रेघा उठल्या. जंगलभर टांगलेले ते देखणे खोपे आधी डोलले, मग मानेपासून एकेक करून सुटले आणि उडत, गडगडत डोहात येऊन पडू लागले. डोहाने सगळे घेतले. त्याचे शिक्षण चालूच होते.

ओबडधोबड खोपा चिखलाच्या वजनाने जड होऊन हेलकावत होता, पण जागचा हलत नव्हता. सुगरण आत अंड्यांवर बसली होती. वर्षभर ज्या पाण्याकडे तिने पाठ केली होती ते नळीतून समोर दिसत होते. पाण्यावर एक वर्तुळ उमटले, मग दुसरे, मग पुष्कळ. ती त्यांच्याकडे पाहत राहिली. पोटाखाली तिला एक बारीकशी टकटक जाणवली. कोणीतरी आतून कवच फोडत होते.

तात्पर्य : वस्तू सुंदर आहे का हे जरूर पाहावे, पण घर करायचे असेल, तर ती अशी का आहे हे सांगणारा कोणी समोर आहे का, तेही विचारून घ्यावे.